खोक्यावर ‘प्रोफेशनल’, आत प्लास्टिक : स्केटबोर्ड घेताना झालेली फसवणूक

मॉलमधल्या मोठ्या साखळी दुकानातून मुलांना स्वस्तातला स्केटबोर्ड घेऊन देणार असाल, तर आधी हे वाचा.

नवी मुंबईतल्या अशाच एका दुकानातून भाच्यासाठी बोर्ड घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘प्रोफेशनल’, ‘7 थरांचं मेपल’, ‘अ‍ॅल्युमिनियम ट्रक’, ‘608 बेअरिंग’. किंमत 3,999 खोडून 1,499. विकणारा मुलगा म्हणाला, “सर, स्केटपार्कवर पण हाच चालतो, बिनधास्त घ्या.”

पंधरवडाही झाला नसेल. सोसायटीतल्या साध्या उतारावर हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला, चाक जागच्या जागी अडलं आणि पोरगा पुढे फेकला गेला. हात टेकून पडल्यामुळे मनगटाचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

स्केटिंग करणाऱ्या मुलांनी एका छोट्या दुकानाचा पत्ता दिला. दुकानदार स्वतः स्केटर. त्याने आमच्यासमोर बोर्ड खोलला. ट्रक म्हणजे चाकांचा आस धरणारा, वळताना झुकणारा भाग. त्यावर किल्लीने ओरखडा काढला, तर चंदेरी रंगाखालून काळं प्लास्टिक निघालं. फळीची कड दाखवून म्हणाला, “दादा, सात थर असते तर इथे सात रेघा दिसल्या असत्या.” वर-खाली एकेक पातळ पापुद्रा होता आणि मध्ये दाबलेला लाकडाचा भुसा.

चाकं मला सगळ्यात धोकादायक वाटली. चांगली चाकं पॉलियुरेथेनची असतात. ती रस्ता धरतात, थोडी दबतात आणि बारीकसारीक खड्यावरून बऱ्याचदा निघून जातात. ही टणक प्लास्टिकची होती. आणि ‘608’? तो दर्जा नाहीच, ते माप आहे : आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. जवळपास प्रत्येक स्केटबोर्डात याच मापाचं बेअरिंग असतं, भिकार असो की उत्तम. वैशिष्ट्य म्हणून ते छापायचं म्हणजे गिऱ्हाइकाला सरळसरळ फसवायचं.

त्या दुकानात पूर्ण बोर्ड सहा हजारांच्या आसपास पडतो. रक्कम मोठी आहे, मान्य. पण पावसाळ्यात बेअरिंग गंजलं तर तेवढंच बदलता येतं. चाकं झिजली तर चाकं, फळी तुटली तर फळी. आमच्या बोर्डाचा आस प्लास्टिकमध्येच ओतलेला, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्नच नाही.

गल्लीतलं दुकान म्हणजे खात्रीचं, असंही समजू नका. खेळाच्या सामानाच्या कितीतरी लहान दुकानांत हेच खोके टांगलेले मी नंतर पाहिले. म्हणून कुठेही गेलात तरी आधी विचारा, “नुसता ट्रक सुटा मिळेल का? चार चाकं वेगळी द्याल का?” जो सुटे भाग ठेवतो आणि पान्याने बोर्ड खोलून दाखवतो, त्याच्याकडूनच घ्या.

साखळी दुकानाच्या काउंटरवर मला बिलाची मागची बाजू दाखवण्यात आली : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ त्या ओळीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल आणि फोटो पाठवले. त्यानंतर बोर्डाचे पैसे परत मिळाले.

दवाखान्याच्या खर्चाबद्दल मात्र दुकान बोलायलाच तयार नाही. त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतो आहे. तुमच्यावर अशी वेळ आली, तर बिल आणि एक्स-रे यांच्याइतकाच खोकाही सांभाळा, रद्दीत देऊ नका. ‘अ‍ॅल्युमिनियम ट्रक’ हे शब्द बिलावर नसतात, फक्त खोक्यावर असतात. फोटोत आयातदाराचं नाव-पत्ता आणि छापील किंमतही स्पष्ट येऊ द्या.