आरबी आणि पी५३ : लगाम सुटण्याच्या दोन तऱ्हा

आरबी आणि पी५३ ही पेशींना लगाम घालून कर्करोग रोखणारी दोन प्रथिनं. आरबीचं गणित सरळ आहे. हे प्रथिन विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या ई२एफ या प्रथिनाला धरून ठेवतं आणि पेशीविभाजन थोपवतं. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की पकड सुटते. एक शाबूत असेल तर सहसा भागतं. मुलांच्या डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हा दोन आघातांचा तर्क मांडला.

पी५३ इतकं साधं नाही. इथे प्रथिन बहुतेकदा नाहीसं होत नाही. एखादंच अमिनो आम्ल बदलतं आणि बिघडलेलं प्रथिन पेशीत साठत राहतं. पी५३ चौघांच्या जुडीने काम करतं, त्यामुळे बिघडलेले त्यात शिरले की चांगलेही निकामी होतात. नासक्या आंब्याने आढी नासावी तसं. मग डीएनए तुटला तरी पेशी ना थांबते, ना मरते. चुका साचत जातात. गंमत म्हणजे १९७९ मध्ये सापडल्यावर दहाएक वर्षं पी५३ला कर्करोग घडवणारंच समजत होते, कारण अभ्यासलेल्या प्रतीच बदललेल्या होत्या!

औषधाच्या दृष्टीने मला पी५३च जास्त आशेचं वाटतं. पी५३मधल्या वाय२२०सी या एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रथिनात एक खाच पडते. तिच्यात बसून प्रथिनाचा आकार सावरणारं रेझाटापोप्ट हे औषध मानवी चाचण्यांपर्यंत पोचलंय.