एकाहून अधिक एटीव्ही न्यायच्या असतील तर: पिकअपचा हौदा की ट्रेलर?

एकच एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, मोटरसायकलसारखी हँडलने चालवायची छोटी चारचाकी) न्यायची असेल तर पिकअपचा हौदा पुरतो आणि त्यासाठी वेगळा ट्रेलर घेण्याचे सहसा कारण उरत नाही. दुसरी एटीव्ही आली की मात्र निर्णय अवघड होतो. अशा वेळी बहुतेक जण टेप घेऊन हौद्याची लांबी-रुंदी मोजायला लागतात. माझ्या मते त्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेली भारक्षमतेची पट्टी वाचायला हवी, कारण दोन एटीव्ही गाडीवर कशाबशा बसवता आल्या तरी त्यांचे वजन पेलण्याची गाडीची क्षमता असतेच असे नाही.

तरीही मापांचा विषय आधी संपवू. कामाच्या उपयोगाची, पूर्ण आकाराची एटीव्ही साधारण २.१ मीटर लांब व १.२ मीटर रुंद असते आणि तिचे वजन ३०० ते ४०० किलोंच्या दरम्यान भरते. मोठ्या पिकअपचा हौदा आतून सुमारे १.६ मीटर रुंद असतो आणि मागच्या चाकांवरील उंचवट्यांमधले अंतर १.२५ ते १.३ मीटर असते, म्हणजे एक एटीव्ही त्यात जेमतेम बसते. दोन शेजारी-शेजारी लावायला २.४ मीटर रुंदी हवी, ती नाही. आडव्या लावाव्यात, तर त्यांची लांबी हौद्याच्या रुंदीत मावत नाही. म्हणून पिकअपवर दोन एटीव्ही याचा अर्थ व्यवहारात एकच उरतो, तो म्हणजे हौद्याच्या कठड्यांवर बसवलेला उंच डेक. मुलांसाठीच्या लहान एटीव्ही मात्र काही हौद्यांत दोन बसू शकतात. तिथे प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे.

आता वजनाचा हिशेब. समजा गाडीची भारक्षमता ८०० किलो आहे. ३५० किलोंच्या दोन एटीव्हींचे ७०० किलो झाले. डेकचे स्वतःचे वजन शंभर किलोंहून सहज अधिक असते. ते १२० धरू. गाडीत तिघे जण बसले की आणखी २४० किलो येतात, कारण माणसेही याच क्षमतेत मोजली जातात. एकूण १,०६० किलो, म्हणजे इंधनाचे कॅन, अवजारे व सामान चढण्याआधीच मर्यादेपेक्षा २६० किलो जास्त. हा जादा भार प्रामुख्याने मागच्या अ‍ॅक्सलवर व टायरांवर येतो, पुढची चाके हलकी पडतात आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. त्याच दोन एटीव्ही ५०० किलोंच्या ट्रेलरवर ठेवल्या, तर ट्रेलर भरून १,२०० किलोंचा होतो आणि त्यातला साधारण १० ते १५ टक्के, म्हणजे १२० ते १८० किलो भार तेवढा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ट्रेलर जोडायच्या सांध्यावर येतो. तिघांचे वजन मिळवूनही बेरीज ४२० किलोंच्या पुढे जात नाही. उरलेले वजन गाडीला ओढायचे असते, उचलायचे नसते, आणि मोठ्या पिकअपची ओढण्याची क्षमता बहुधा २,००० किलोंहून अधिक असते. निर्णयाचे पारडे माझ्या दृष्टीने इथेच झुकते.

उंचीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. डेकवरची एटीव्ही माणसाच्या छातीच्या उंचीवर उभी असते, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर व आडव्या वाऱ्यात ती अधिक कलते. शिवाय तिथपर्यंत एटीव्ही चढवायची कशी, हेही आहेच. हौद्याचा उघडलेला मागचा फाळकासुद्धा जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटर उंच असतो, तर साध्या उघड्या ट्रेलरची फळी ५० सेंटिमीटरच्या आसपास असते. चढवताना चाकांच्या जोराने रॅम्प मागे सरकून निसटणे आणि एटीव्ही चालकासह मागे उलटणे, हा या कामातला सर्वांत भयंकर अपघात आहे. म्हणून सुटे रॅम्प पट्ट्यांनी गाडीला बांधल्याशिवाय एटीव्ही चढवूच नये. ट्रेलरचा बिजागरीवरचा रॅम्प असा निसटत नाही, पण तिथेही ट्रेलर हिचला जोडलेला असताना आणि गाडीचा हँडब्रेक ओढलेला असतानाच चढवावे. एरवी मागच्या टोकावर भार पडताच ट्रेलरचा पुढचा दांडा वर उचलला जातो.

ट्रेलरचे तोटे खरे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मागे घेताना तो स्टीअरिंगच्या उलट दिशेला वळतो आणि छोटा ट्रेलर तर पाहता पाहता आडवा होतो. रिकाम्या मैदानात सराव केल्याशिवाय हे जमत नाही. वळणावर त्याची चाके आतून कापत जातात. टायर, बेअरिंगचे ग्रीस, दिवे आणि सुरक्षा-साखळ्या यांची देखभाल कायमची मागे लागते. त्याचे टायर झिजण्याआधीच वयाने निकामी होऊ शकतात, त्यामुळे केवळ नक्षी पाहून निश्चिंत राहू नये. ठरावीक वजनापुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे अनेक देशांत सक्तीचे आहे. युरोपीय संघात ही मर्यादा एकूण ७५० किलोंची आहे, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ट्रेलरला तिथे ब्रेक लागतीलच.

भार मांडण्याची पद्धतही शिकावी लागते. एकूण भारापैकी साधारण ६० टक्के भाग अ‍ॅक्सलच्या पुढे असावा. जड एटीव्ही मागे आणि हलकी पुढे ठेवली की हिचवरचा भार कमी होतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. असे झाले तर जोरात ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टीअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

बांधणीत मात्र दोन्हींत फरक नाही: प्रत्येक एटीव्हीला चारही कोपऱ्यांतून चार रॅचेट (खटक्याने आवळायचे) पट्टे, ते हँडल किंवा सामानाच्या जाळीला नव्हे तर चासिसला अडकवलेले, सस्पेन्शन थोडे दाबले जाईल इतके आवळलेले, आणि काही किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा तपासलेले.

पिकअप सरस ठरते ती शेवटच्या टप्प्यात. खडबडीत, चढाचा, चिखलाचा रस्ता असेल आणि टोकाला गाडी वळवायला जागाच नसेल, तर ट्रेलर अडकतो. अशा ठिकाणी ट्रेलर पक्क्या रस्त्यावर उभा करून पुढे एटीव्हीनेच जाणे शक्य आहे का, हे आधी पाहावे. तसे नसेल आणि एटीव्ही दोनच असतील, तर जास्त भारक्षमतेची गाडी व डेक हा पर्याय महाग पडला तरी रास्त आहे. तीन एटीव्ही असतील तर एक हौद्यात आणि दोन ट्रेलरवर, अशी जोडणी करता येते. पण हौद्यातल्या एटीव्हीचे ३५० किलो, हिचवरचे १८० आणि तिघांचे २४० मिळून ७७० होतात, आणि ८०० किलोंच्या गाडीत सामानासाठी फक्त ३० किलो उरतात. त्यापेक्षा तिन्ही एटीव्ही पेलणारा लांब, दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर मी निवडेन. दोनच एटीव्ही एकामागे एक ठेवायच्या असतील, तर फळीची लांबी ४.३ मीटरपेक्षा कमी घेऊ नये.