पन्नास रुपयांचा दंड आणि अडतीस हजारांचा दाखला

हे लिहायला मला आठ महिने लागले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण तोंड उघडू दिलं नाही ते लाजेनं. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोरानं विचारलं, "दादा, जुनी केस कॉम्प्युटरमधनं उडवून देणारा कोण तरी हाय म्हणं सांगलीत. तुमच्या वळखीचा हाय का?" आहे. चांगलाच ओळखीचा आहे. म्हणून लिहायला बसलो.

गोष्ट २०१८ पासूनची. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली होती, तरी खानापूर-आटपाडीकडच्या माळांवर पहाटे पहाटे मैदानं भरायचीच. चुलत्याचा खोंड टेम्पोत घालून नेणं एवढंच माझं काम. पहिला गट सुटायच्या आत पोलिसांच्या गाड्या आल्या. ज्यांना पळता आलं ते पळाले. मी खोंडाचा कासरा धरून उभा होतो, तो सोडून कुठं पळणार? प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ आणि आदेश मोडला म्हणून भारतीय दंड विधानाचं (भादंवि) १८८, असा आम्हा चौदा जणांवर गुन्हा दाखल झाला.

वर्षभर तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला कामाचा खाडा. शेवटी कोर्टाच्या पायरीवर बहुतेकांचं ठरलं. "नुसतं कबूल म्हणायचं, दंड भरायचा आन मोकळं व्हायचं." कलम ११ ला पहिल्या वेळी दंडच मुळात १० ते ५० रुपये. मला ५० लागले, १८८ चे ५०० वेगळे. पावती खिशात घातली, समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली आणि घरी आलो. त्या 'कबूल' शब्दानं मी कायद्याच्या भाषेत 'शिक्षा झालेला इसम' झालो, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पाच-सहा वर्षं त्यानं काही बिघडलंही नाही. मी टेम्पो चालवला, ऊस ओढला, द्राक्षाच्या हंगामात क्रेट वाहिले. मग कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर हवा असल्याचं कळलं. महिन्याच्या महिन्याला पगार, वर पीएफ. ठेकेदारानं गाडी चालवून बघितली, लायसन बघितलं आणि म्हणाला, "चारित्र्य पडताळणीचा दाखला आणा, एक तारखेला हजर व्हा." पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज भरला. दाखला आला, त्यावर २०१८ चा गुन्हा कलमांसकट, पुढं 'शिक्षा'.

तो कागद घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. शेजारचा माणूस म्हणाला, "बैलगाडीची केस व्हय? आवो, ती तर सरकारनं माघारी घेतली!"

इथं मी फसलो, आणि आजही मला वाटतं की कुणीही फसला असता. कारण त्याचं बोलणं निम्मं खरं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली. बंदीच्या काळातले शर्यतीचे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२२ मध्ये घेतला. हे मीही पेपरात वाचलं होतं. त्यानं मोबाईलवर जीआरसारखा दिसणारा कागद दाखवला. "यादी गेलीया वर. तुमचं नाव राहिलंय त्यात. नाव घातलं की सिस्टीममधनं आपोआप उडतंय. कोरा दाखला मिळंल." माणूस साधा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्या गावातल्या दोघा-तिघांची नावंही त्यानं घेतली. ती नावं गुन्ह्याच्या कागदावरच होती आणि तो कागद मघाशी मीच त्याच्या हातात दिला होता, हे डोक्यात यायला फार उशीर झाला.

पहिले ५,००० फाईल चालू करायला. मग २०,००० 'वरच्या साहेबांचे'. मग १३,००० मुंबईच्या कुठल्याशा टेबलाचे. तिन्ही वेळा फोनवरून पाठवले, तिन्ही वेळा खातं वेगळ्याच बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणाला, "सायबांच्या नावावर कसं घेणार, तुमीच सांगा." मला ते पटलं! बायकोच्या बोरमाळेवर कर्ज काढलं होतं, तेव्हा पटवून घेण्याशिवाय इलाज नव्हता बहुतेक.

पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर दाखला आला. शिक्का, सही, जावक क्रमांक, क्यूआर कोड, सगळं जागच्या जागी. 'कोणताही गुन्हा दाखल नाही.' प्रिंट काढून देवापुढं ठेवली.

ठेकेदाराच्या ऑफिसातल्या मुलीनं कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "अर्ज क्रमांक?" माझ्याकडं पहिल्या अर्जाचा होता, या दाखल्याचा नव्हता. नवा अर्ज केलाच कुठं होता मी? तिनं क्यूआर स्कॅन केला, तर त्याच दाखल्याचा फोटो उघडला. चार दिवसांनी ठेकेदारानं बोलावलं. त्यांनी पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी केली होती, असा जावक क्रमांक तिथून गेलाच नव्हता. "केस होती म्हणाला असतास तर बघितलं असतं," तो म्हणाला. "हे काय करून बसलास?"

फसवणाऱ्याचा फोन बंद होता. मी पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन माघारी आलो. आत जाऊन सांगणार काय? लाच म्हणून पैसे दिले आणि बनावट दाखला नोकरीसाठी वापरला? बनावट कागद खरा म्हणून वापरणं हाही गुन्हाच, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३४०. या लोकांचा धंदा चालतो तो याच भीतीवर. तुम्हाला लुटायच्या आधी ते तुम्हाला आपल्यात ओढतात, मग तुम्ही तक्रार करत नाही.

शेवटी मेव्हण्यानं हाताला धरून विजयनगरच्या कोर्टात नेलं. तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेल्याला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालतं. तिथल्या वकीलबाईंनी आधी चहा पाजला, मग माझं अज्ञान एकेक करून बाहेर काढलं.

पहिली गोष्ट, पोलिसांच्या नोंदीतून गुन्हा पुसून टाकणारं कुठलंच टेबल नाही. ठाण्यात नोंदवलेला गुन्हा सीसीटीएनएस या देशभरच्या जाळ्यात जातो. ज्याच्या हातात संगणक आहे त्यानं मनाला येईल तेव्हा ओळ खोडावी, असली ती वही नाही. सरकारनं केस मागे घ्यायची तरी सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी लागते, आणि तीही निकाल लागायच्या आधी. माझा निकाल २०१९ मध्येच लागला होता. म्हणजे ज्या जीआरच्या जिवावर मी ३८,००० मोजले, तो खरा धरला तरी माझ्या कामाचा नव्हता.

"मग कुणाचंच काही निघत नाही का?" मी विचारलं. निघतं, पण ज्याचं त्याचं वेगळं. गुन्हाच खोटा किंवा चुकीचा असेल तर तो रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येतं. त्यासाठी आता मुंबईला जायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं, म्हणजे फिरत्या खंडपीठापुढं चालतात. गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नं, फार गंभीर गुन्हे सोडले तर, त्या शिक्षेमुळं पुढं कुठं अपात्र ठरवता येत नाही. निर्दोष सुटलेल्याच्या नावापुढं ठाण्यात जुनीच नोंद राहिलेली असेल, तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडून ती दुरुस्त करून घ्यायची. आमच्या चौदातल्या एकानं कबूल म्हटलं नव्हतं, तो सुटला होता. त्याचं काम एका नकलेत झालं.

आणि एक गोष्ट ऐकून मी कपाळाला हात लावला. १९५८ चा परिवीक्षेचा कायदा आहे. पहिलाच आणि किरकोळ गुन्हा असेल तर दंडाऐवजी ताकीद देऊन सोडा, अशी विनंती कोर्टाला करता येते. कोर्टानं तसं सोडलं तर कलम १२ प्रमाणं त्या शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. २०१९ ला ही विनंती मला करता आली असती. मी भज्याच्या घाईत होतो.

"आता तुमच्या हातात खरं सांगणं आहे," बाई म्हणाल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात म्हटलंय की जुना गुन्हा लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं. उलट खरं सांगितलं आणि गुन्हा किरकोळ असेल तर मालकाला तो सोडून देता येतो. नोकरी द्यायलाच हवी असं नाही, पण दार तरी बंद होत नाही.

मग मी तक्रार दिली. वकीलबाईंनी लिहून दिलेल्या अर्जात मी काय केलं तेही होतं, काही झाकलं नाही. पैसे पाठवल्याच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बनावट दाखला, सगळं जोडलं. हवालदार मला चार शब्द बोलले, ते मी ऐकून घेतले. अर्ज घेतला, पोच दिली. तपास चालू आहे. पैसे मिळालेले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच करा, पैसे गेलेत असं कळल्या तासात १९३० ला फोन करा. मी तीन आठवडे घालवले, तोवर खातं रिकामं झालं होतं.

बोरमाळ अजून सोनाराकडंच आहे.

दोन महिन्यांपूर्वी तासगावात बेदाण्याच्या एका शेडच्या मालकाला गाडीवर माणूस हवा होता. मी लायसनच्या आधी निकालाची नक्कल पुढं ठेवली, तिच्याखाली खरा दाखला. मालकानं चष्मा लावून दोन्ही कागद सावकाश वाचले.

"बैल कुणाचा हुता?"

"चुलत्याचा. कोसा खोंड."

"गटात कितवा आला?"

"गट सुटलाच न्हाई मालक. पोलीस आले."

त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिले आणि गाडीची चावी कुठं टांगलीय ते दाखवलं.