टॉर्शनल हॉपकिन्सन बार: सगळी भिस्त क्लॅम्पवर

झटक्याने पिळल्यावर धातू कसा वागतो हे मोजायला साठवलेल्या टॉर्कवर (पिळण्याच्या जोरावर) चालणारा टॉर्शनल हॉपकिन्सन बार आजही आमची पहिली पसंती आहे. दाबाच्या हॉपकिन्सन बारमध्ये नमुन्याच्या टोकांचं घर्षण आणि लाटेचं पसरणं निकालात मिसळतं. पिळाची लाट मात्र आकार न बदलता बारभर जाते.

रचना सोपी आहे. 25 मिमी व्यासाचे ॲल्युमिनियमचे दोन बार, मध्ये नमुना. पहिला बार क्लॅम्पने आवळायचा, मागच्या भागात मोटरने पीळ भरायचा आणि क्लॅम्पचा खाच पाडलेला बोल्ट तोडायचा. साठवलेल्या टॉर्कचा निम्मा हिस्सा सेकंदाला सुमारे 3,100 मीटर वेगाने नमुन्याकडे निघतो. क्लॅम्पमागे 1.5 मीटर बार असेल तर लाट जवळपास 1 मिलिसेकंद टिकते.

विकत घेताना क्लॅम्प आधी तपासा. बोल्ट मऊ असला तर तुटण्याआधी ताणतो, पकड हळू सुटते, लाटेची चढण लांबते आणि यील्डचा, म्हणजे धातूचा आकार कायमचा बदलू लागतो त्या बिंदूचा, आकडा हातचा जातो. जबडे दोन्ही बाजूंनी सारखे बसले नाहीत तर पिळासोबत बार वाकतोही. बारवर 45 अंशात लावलेल्या चार स्ट्रेन गेजचा (बारचा पीळ टिपणारे सेन्सर) फुल ब्रिज, म्हणजे चारही गेज जोडलेलं सर्किट, हे वाकणं बरंचसं खोडतो, म्हणून दोन गेजवर भागवू नका. जबड्यांना तेल लागलं की पीळ भरतानाच बार घसरतो.

नमुना म्हणजे पातळ नळी: भिंत साधारण 0.4 मिमी, मोजमापाची लांबी 2.5 मिमी. हे काम महाग पडतं, पण इथे काटकसर नको. भिंत एका जागी पातळ राहिली की सगळा पीळ तिथेच गोळा होतो. नमुना बारला इपॉक्सीने चिकटवण्याआधी त्याच्या टोकांची फ्लँज (रुंद कडा) खरबरीत करून ॲसिटोनने पुसा. चिकटवण्याऐवजी षट्कोनी खोबणीत बसवत असाल, तर तिथे किंचित जरी मोकळीक राहिली तरी सिग्नलची सुरुवात बिघडते.

नळीच्या आत अक्षाला समांतर बारीक रेघ मारून ठेवा. चाचणीनंतर तांब्यात ती सरळच, पण एकसारखी कललेली दिसते. टायटॅनियमच्या मिश्रधातूत ती एका अरुंद पट्ट्यात तुटक सरकलेली असते. पिळण्यात खर्चलेल्या कामाची बहुतांश उष्णता होते, ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही, पट्टा मऊ होतो आणि पुढचा सगळा पीळ तोच घेतो. टॉर्क कोसळल्यानंतरचा आलेखातला स्ट्रेन (आकारातला बदल) हा फक्त सरासरी असतो, पट्ट्यातला खरा स्ट्रेन त्याच्या कैक पट.

शिअर स्ट्रेन रेट (पिळाने आकार बदलण्याचा वेग) सेकंदाला 100 ते काही हजार हवा असेल तर हे यंत्र जरूर घ्या. 10,000 च्या बरंच पुढे जायचं असेल तर प्लेट इम्पॅक्टकडे (वेगाने प्लेट आदळवून करायच्या चाचणीकडे) वळा.