जुना राउटर बदलताना: एकच दमदार राउटर की मेशची जोडी?

घरातलं वायफाय रडतखडत चालतंय आणि राउटर जुना झालाय, इथपर्यंत आलात की पुढे तीन वाटा दिसतात. जुन्यालाच एक्स्टेंडर, म्हणजे त्याचा सिग्नल पकडून पुढे पोचवणारा डबा, जोडायचा, जुना काढून एकच चांगला राउटर बसवायचा, किंवा मेश संच, म्हणजे मिळून एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे, घ्यायचा. मी या तिन्ही वाटांनी जाऊन आलोय. शेवटी जिथे थांबलो, ती वाट प्रत्येकाला मानवेलच असं नाही, पण का थांबलो ते सांगतो.

एक्स्टेंडरवर फार वेळ घालवत नाही. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय मुळात राउटरच जुना असेल, तर त्याचं दुखणं दुसऱ्या खोलीपर्यंत लांबवण्यापलीकडे एक्स्टेंडर काही करत नाही. गॅलरीतल्या कॅमेऱ्यापुरता ठीक आहे.

खरा प्रश्न उरतो तो एक राउटर की मेश. त्याआधी एक काम मात्र करा. लॅपटॉपला राउटरमधून थेट केबल लावून वेग बघा, मग राउटरच्या शेजारी बसून वायफायवर बघा, मग आतल्या खोलीत. केबलवरही वेग कमी असेल, तर आधी जुन्या राउटरचे पोर्ट तपासा. बऱ्याच जुन्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतात. लाइन कितीही मोठी घ्या, त्या भोकातून शंभरच्या वर काही बाहेर पडत नाही. पोर्टही बरे निघाले, तर तक्रार लाइनवाल्याकडे न्यायची. केबलवर उत्तम आणि शेजारी बसूनही वायफाय रडतंय, तर राउटर म्हातारा झालाय. आणि शेजारी उत्तम, आत मात्र बोंब, तर प्रश्न जागेचा आणि भिंतींचा आहे. माझ्याकडे शेवटची दोन्ही दुखणी एकत्र होती.

म्हातारा म्हणजे किती? ८०२.११एन, म्हणजे आजच्या भाषेत वायफाय ४, हे मानक २००९ सालचं. त्या पिढीतले स्वस्त राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालायचे. या बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यात, एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच गर्दी करतात. पुढचा वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होता, २.४ जिथल्या तिथे राहिला. वायफाय ६ मध्ये दोन्ही बँड सुधारले, आणि एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडं थोडं वाटून देण्याची सोय आली. त्यामुळे जुन्या ४ वरून थेट ६ वर उडी मारली, की फरक बघायला मीटर लागत नाही. संध्याकाळी घरातले सगळे जण आपापल्या स्क्रीनवर असताना कोणी हाक मारत नाही, हेच माझं मोजमाप.

आता एकट्या राउटरची बाजू. दुकानात आठ अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा राउटर पुढे केला जातो आणि ‘भिंती फोडून जातो’ म्हणतात. जपून. राउटर किती जोराने प्रक्षेपण करू शकतो यावर सगळीकडे कायद्याची मर्यादा असते, नवा म्हणून तो ती ओलांडत नाही. आणि समजा त्याचा आवाज पोचला, तरी फोनचं उत्तर परत यायला हवं. लाउडस्पीकरवरून हाक मारली, म्हणून समोरच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येईल असं थोडंच आहे? नव्या राउटरचे कान जुन्यापेक्षा चांगले असतात एवढं खरं, पण दोन काँक्रीटच्या भिंती आणि मध्ये मोठा आरसा असेल, तर ५ गिगाहर्ट्झ तिथे मान टाकतो. म्हणून एकट्या राउटरचं यश तो कुठे ठेवलाय यावर ठरतं. नेटची वायर जिथून घरात शिरते त्या दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवला, तर महागातला राउटरही वाया.

मेशची बाजू इथे वरचढ दिसते, आणि ते कबूल केलं पाहिजे. डबे खोलीत ठेवायचे, अ‍ॅप सांगेल तसं करायचं, झालं. आधी जिथे एकच काडी यायची तिथे सगळ्या काड्या उभ्या राहतात. वेग तपासला तर आकडाही छान येतो. डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील, तर तो आकडा पहिल्या डब्यापेक्षा बराच कमी असतो, पण रोजच्या वापराला पुरतो. तिसरा बँड खास आपसातल्या बोलण्यासाठी राखलेले संच त्याहून बरे.

पण माझं घोडं पेंड खाल्लं ते वेगळ्याच ठिकाणी. मला फोनवर बोलताना फिरायची सवय आहे. व्हिडिओ कॉल हॉलमध्ये सुरू होतो, मी बोलत बोलत पॅसेजमधून आतल्या खोलीत जातो. तिथे दुसरा डबा दोन हातांवर, हिरवा दिवा लावून बसलेला. आणि फोन मात्र हॉलमधल्या डब्याची शेवटची काडी धरून बसतो! आवाज तुटतो, समोरच्याचा चेहरा थिजतो, आणि मग कधीतरी फोनला उपरती होऊन तो जवळच्या डब्यावर येतो. तोवर मी ‘ऐकू येतंय का?’ म्हणत पुन्हा हॉलकडे निघालेला असतो. वायफाय बंद करून चालू केलं, की लगेच जवळचा डबा पकडतो. म्हणजे रेंज होती, वेगही होता.

याचं कारण डब्यात कमी आणि फोनमध्ये जास्त आहे. एका डब्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं हे फोन स्वतः ठरवतो, राउटर फार तर सुचवू शकतो. त्यासाठी तीन मानकं आहेत: ‘के’ शेजारचे डबे कोणते ते सांगतं, ‘व्ही’ तिकडे जा असं सुचवतं, ‘आर’ मुळे तिथे गेल्यावरची पासवर्डची देवाणघेवाण झटपट उरकते. सुचवलेलं ऐकायचं की नाही हा फोनचा प्रश्न, आणि काही फोन फार मानी असतात. ‘आर’ चालू केलं, तेव्हा माझा जुना प्रिंटर नेटवर्कला लागेनासा झाला. बंद केलं तर कॉल पुन्हा अडखळायला लागले. डब्यांची प्रक्षेपणशक्ती कमी करून हा चिकटपणा बराच घटवता येतो, ऑफिसांतून तसंच करतात. पण घरगुती मेशच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती सोयच नसते. सगळं ‘आपोआप’.

तुम्ही एका जागी बसून काम करत असाल, तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. नव्या फोनमध्ये तो कमीही असतो. घरातल्या इतरांनी मेशबद्दल कधी तक्रार केली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मी मात्र एकाच वायफाय ६ राउटरवर आलो. नेटची वायर ज्यात येते तो लाइनचा डबा दाराशीच ठेवला आणि तिथून एक लांब केबल पट्टीतून नेऊन राउटर पॅसेजमध्ये, छताच्या थोडा खाली, घराच्या मधोमध लावला. भिंतीवरून पट्टी जाते, ती दिसते, आणि त्यावरून घरात दोन शब्द ऐकावे लागले. एकट्या राउटरची खरी किंमत ही आहे. बाकी कॉल आता तुटत नाही, कारण फोनला धरून बसायला दुसरं कोणी उरलंच नाही. दोन बँडमध्ये ढकलाढकली होऊ शकते, म्हणून दोघांची नावं वेगळी ठेवली: फोन आणि लॅपटॉप ५ वर, प्रिंटर आणि बल्ब २.४ वर. २.४ ला जुन्याच राउटरचं नाव आणि पासवर्ड दिला, त्यामुळे ती सगळी उपकरणं न विचारता जोडली गेली. मागची गॅलरी अजूनही २.४ वरच चालते. चालू दे.

मेश घ्याच असं मी दोन प्रसंगी म्हणेन. घर दोन मजली असेल किंवा लांबट असेल आणि मधोमध राउटर ठेवूनही टोकं कोरडी राहत असतील, तर एकटा राउटर पुरणार नाही. पण तिथेही डबे एकमेकांना केबलने जोडता आले तर जोडा. आणि भाड्याच्या घरात भिंतीला हात लावायची परवानगीच नसेल, तर केबलचा विषयच संपला.

घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, तो सगळ्या बँडची बेरीज असतो. पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचं नवं मानक) आहे ना, बँडची नावं वेगळी करता येतात ना, आणि कंपनी जुन्या मॉडेलना सुरक्षेचे अपडेट देत राहते का, एवढं बघा. जुना राउटरही लगेच भंगारात टाकू नका. त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (केबलने आलेलं नेट नुसतं पुढे वाटण्याची सोय) असेल आणि मागच्या खोलीपर्यंत केबल नेता येत असेल, तर तिथल्या टीव्हीपुरता तो अजून चालतो. फक्त त्याचे अपडेट बंद झाले असतील, तर त्याचं वायफाय बंद करून नुसते पोर्ट वापरा.