सोसायटीच्या गेटवरची चेहरा-हजेरी: नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

मनीषनगर भागातल्या एका मोठ्या सोसायटीतली ही व्यवस्था. गेटवर चेहरा ओळखणारे हजेरीचे यंत्र, आवारात ८ आयपी कॅमेरे, गाड्यांचे नंबर वाचणारा वेगळा कॅमेरा आणि सुरक्षारक्षकाच्या टॅबवर पाहुण्यांची नोंद करणारे अ‍ॅप. मे महिन्याचे ऊन आणि नंतरचा पाऊस दोन्ही पाहून झाले. कंपनीचे नाव देत नाही. या दर्जाच्या बहुतेक संचांचे आतले काम सारखेच असते, आणि खरी तक्रार यंत्रापेक्षा ते कोणावर रोखले आहे याची आहे.

कॅमेऱ्यांचे आधी उरकून घेऊ. २ मेगापिक्सेल, एच.२६५ (व्हिडिओ आकसून साठवायची पद्धत), प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, आठांचे सुमारे १७३ जीबी. विक्रेता ‘महिनाभराचे रेकॉर्डिंग’ सांगून ४ टीबीची डिस्क देतो. तिच्यात जेमतेम २३ दिवस बसतात. पण मोठी डिस्क घेऊ नका. गाडीला ओरखडा पडला किंवा सायकल गेली तर आठवड्याभरात कळतेच. १५ दिवसांपेक्षा जुने आपोआप पुसले जाईल असे सेट करा. रेकॉर्डिंग साठवणारे यंत्र, म्हणजे एनव्हीआर, टिनाच्या छपराच्या चौकीत ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना बंद कपाटातली डिस्क ६० अंशांच्या जवळ जाते, आणि पहिली तीच मरते. केबल शुद्ध तांब्याची आणि १०० मीटरच्या आत हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांबवर व्होल्टेज पडते. रात्री अंधारात दिसण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो आणि सगळे कॅमेऱ्याला दोष देत बसतात. नवीन घेत असाल तर ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. नेमक्या मॉडेल क्रमांकाचे प्रमाणपत्र मागा. ‘कंपनीकडे आहे’ एवढ्यावर गप्प बसू नका.

नंबर प्लेटचा कॅमेरा हा वाया गेलेला खर्च. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या ज्या गाड्यांना अजून एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) लागलेली नाही, त्यांच्यावरचे वळणदार आकडे त्याला वाचता येत नाहीत. पावसात चिखल उडाला की एमएच-४९ चे एमएच-४० होते.

आता चेहऱ्याचे यंत्र. घरमालकांसाठी ते छान चालते, कारण घरमालक त्याच्यासमोर उभेच राहत नाहीत. ते कारने, स्टिकर दाखवून आत जातात. उभ्या राहतात त्या कामवाल्या बाया, ड्रायव्हर, माळी आणि गाड्या धुणारी पोरे. नागपुरात एप्रिल ते जून डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधल्याशिवाय कोणी बाई सायकल किंवा गाडी काढत नाही. त्यामुळे भर उन्हात प्रत्येकीला गेटवर, सुरक्षारक्षक आणि डिलिव्हरीवाल्यांच्या देखत, स्कार्फ सोडून घाम पुसून उभे राहावे लागते. हे यंत्राच्या माहितीपत्रकात कुठेच नसते.

त्यातही यंत्र पश्चिमेकडे तोंड करून बसवले तर दुपारी चारनंतर काचेवर ऊन येते आणि नकार वाढतात. लेन्स जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर, वर छज्जा आणि सेटिंगमध्ये डब्ल्यूडीआर (ऊन-सावलीचा फरक सांभाळून घेणारी सोय) चालू, एवढे केले की निम्मा त्रास जातो. उरलेला अर्धा ‘थ्रेशोल्ड’ या एका आकड्यात आहे, म्हणजे चेहरा किमान किती जुळला की यंत्राने ‘हो’ म्हणायचे त्यात. चेहऱ्याचा फोटो यंत्र आकड्यांच्या लांब ओळीत बदलते आणि समोरचा चेहरा साठवलेल्या प्रत्येक ओळीशी ताडून पाहते. थ्रेशोल्ड चढवला की खरी बाईसुद्धा नाकारली जाते. उतरवला की तिची बहीण तिच्या नावावर आत जाते. मायलेकी किंवा दोघी बहिणी एकाच सोसायटीत काम करतात हे इथे अगदी नेहमीचे आहे, आणि यंत्राची सर्वांत जास्त गल्लत तिथेच होते. सुरक्षारक्षकाला रांग संपवायची असते, म्हणून एखाद्या गर्दीच्या सकाळी तंत्रज्ञ थ्रेशोल्ड उतरवून जातो. त्याची नोंद कुठेही राहत नाही.

खोक्यावर ‘९९.९ टक्के अचूक’ छापलेले असते. हिशोब करून पाहा. समजा १०,००० तुलनांमध्ये एकदाच चूक होते आणि यंत्रात ४०० चेहरे भरलेले आहेत. मग यादीत नसलेला अनोळखी माणूस समोर आला की ४०० तुलना होतात, आणि तो कोणाच्या तरी नावाने ओळखला जाण्याची शक्यता जवळजवळ ४ टक्के निघते. चूकसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत चुकीचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले, गोऱ्या पुरुषांबाबत ते ०.८ टक्क्याच्या वर गेले नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये चेहरा जुळवणारे अल्गोरिदम तपासले तेव्हा अनेकांत वेगवेगळ्या समूहांमधल्या चुकीच्या जुळणीत १० ते १०० पट फरक आढळला. विदर्भातल्या उन्हात राबणाऱ्या बायांवर हे यंत्र आधी तपासले आहे का, असे विचारल्यावर विक्रेत्याकडून फक्त नवीन माहितीपत्रक येते.

ही चूक कागदावर राहत नाही, पगारात उतरते. यंत्राने नाकारले, सुरक्षारक्षकाने हाताने गेट उघडले, की अ‍ॅपमध्ये त्या दिवशी ‘गैरहजर’ पडते. महिन्याच्या शेवटी घरमालकीण अ‍ॅप उघडून खाडे मोजते. बाई म्हणते, ‘मॅडम, मी आली होती ना, तुमच्याकडेच तर भांडे घासले.’ आणि वाद मोबाइलशी होतो. सुरक्षारक्षकाला हाताने ‘हजर’ लावण्याचा अधिकार द्या आणि ती दुरुस्ती संबंधित घराला दिसू द्या. हे पर्याय मेनूत असतात, पण मुळात बंद असतात.

अ‍ॅपचा दुसरा भाग मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. बाई किती घरी जाते, कोणत्या घरी किती वाजता, आणि तिला कोणी किती तारे दिले, हे सगळ्या सभासदांना दिसते. तिला स्वतःला यातले काहीही दिसत नाही. एका घरी पगारवाढ मागितली, खटका उडाला, एक तारा पडला, की बाकीच्या घरांतही कुजबुज सुरू. मालकिणीला तारे द्यायची सोय बाईकडे नाही. आपल्या महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली तेव्हाही मोजमाप सर्वांत कमी पगारापासूनच सुरू झाले होते. ‘रेटिंग’ आणि ‘इतर घरे दाखवा’ हे दोन्ही पर्याय अ‍ॅडमिनच्या खात्यातून बंद करता येतात. ते आजच करा.

माहिती पुसण्याबद्दल: काम सोडून गेलेल्या व्यक्तीचे नाव अ‍ॅपमधून काढले तरी यंत्रातला चेहरा तसाच राहतो. खात्री करायची सोपी रीत अशी, की नाव काढल्यावर त्याच व्यक्तीला, तिची हरकत नसेल तर, यंत्रासमोर उभे करा. नाव उमटले तर यंत्राच्या स्वतःच्या मेनूत जाऊन ‘युजर’ आणि ‘फेस टेम्प्लेट’ (चेहऱ्याची ती आकड्यांची ओळ) दोन्ही वेगळे पुसावे लागतात, शिवाय नोंदवतानाचा मूळ फोटो ‘स्नॅपशॉट’ फोल्डरमध्ये राहतो तो तिसरा.

‘सगळ्यांची सही घेतली आहे’ असे समित्या सांगतात. सही केल्याशिवाय गेट उघडत नसेल तर त्या सहीला संमती म्हणणे कठीण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि बिनशर्त हवी असे स्पष्ट आहे, आणि सूचना मराठीत मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती आणि सूचनेच्या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. या कायद्यातून घरगुती वापराला असलेली सूट व्यक्तीला आहे. सोसायटीने ती आपल्याला लागू आहे असे धरून चालू नये. बाईसोबत येणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलीचा चेहरा तर भरूच नका.

पोलिसांनी फुटेज मागितले तर तोंडी देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची लेखी मागणी घ्या, तेवढ्याच वेळेचा भाग काढा, हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा आकडा) नोंदवा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘हा कोण आहे?’ म्हणून क्लिप टाकणाऱ्या सभासदांसाठी मात्र कुठलेही कलम पुरत नाही. फुटेज बाहेर काढण्याचा (एक्स्पोर्टचा) पासवर्ड दोघांकडेच ठेवा.

बाकी सेटिंग्ज पटकन: कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, पी२पी क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेरून कॅमेरा पाहण्याची सोय) आणि राउटरचे यूपीएनपी (बाहेरच्यांना आत येण्याची वाट आपोआप उघडणारे सेटिंग) बंद, कॅमेऱ्यांचा आवाज बंद, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर प्रायव्हसी मास्क (चित्राचा तेवढा भाग झाकणारी पट्टी), सुरक्षारक्षकाच्या खात्याला फक्त लाइव्ह चित्र.

चेहऱ्याऐवजी काय, तर बहुतेक यंत्रांत कार्ड रीडर आधीच असतो. ‘फक्त कार्ड’ मोड लावला की स्कार्फ सोडावा लागत नाही. कार्ड हरवले तर ते रद्द करून दुसरे देता येते, जे चेहऱ्याचे करता येत नाही. एकीचे कार्ड दुसरी वापरेल हा आक्षेप खरा आहे. सुरक्षारक्षक बायांना नावाने ओळखतो, त्यामुळे तो फारसा टिकत नाही.

वार्षिक करार वाढवताना तीन कलमे लिहून घ्या: चेहऱ्याची माहिती यंत्राबाहेर जाणार नाही, नोंदी ३० दिवसांनी पुसल्या जातील, आणि करार संपल्यावर कंपनी पुसल्याचे लेखी देईल. आणि जुने यंत्र एक्स्चेंजमध्ये देण्याआधी फॅक्टरी रीसेट करून एनव्हीआरची डिस्क काढून घ्या. विक्रेता सूट कापेल, कापू द्या.