पावसाळाभर वापरलेली फँटसी सेटिंग: गावांच्या नावांनी घात केला

हे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळासाठी काल्पनिक जग (सेटिंग) मांडणारं पुस्तक. त्यातले नियम, क्लास म्हणजे पात्रांचे प्रकार, राक्षस यांबद्दल लिहीत नाही. ते सगळं एसआरडी 5.1 वर, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूळ नियमांच्या खुल्या दस्तऐवजावर, बेतलेलं आहे आणि बिनबोभाट चालतं. लिहायला बसलो ते पुस्तकाची बांधणी सुटली म्हणून. स्वतंत्र प्रकाशकाचं, मागणीनुसार छापून येणारं पुस्तक. टपालखर्च किमतीपेक्षा जास्त, आणि तक्रार केली तर ‘फोटो पाठवा’च्या पुढे गाडी सरकत नाही. चकचकीत कागदाला गरम गोंद नीट धरत नाही, खेळताना पुस्तक उताणं ठेवावंच लागतं, वर कोल्हापूरचा जुलै. सारखी उघडली जाणारी नकाशाची पानं सगळ्यात आधी निघाली.

पण खरा वैताग नावांचा. कालमोर, कालमिर आणि कालदेन, तिन्ही गावं एकाच नदीकाठी. टेबलावर खेळ मराठीत चालतो, त्यामुळे एकाच्या वहीत कॅलमोर, दुसऱ्याच्या काल्मोर, तिसऱ्याच्या केलमोर. मागची सूची इंग्रजी अक्षरक्रमाने, तीही कामाची नाही. दोन सेशननंतर कर कुणी थकवला आणि दरोडा कुठे पडला, याचाच वाद सुरू होतो.

नाव टिकेल का, हे तपासायला दोन गोष्टी पुरतात. शेवटी ‘कर’ लावून बघा: कागलकर, आजरेकर म्हटलं की माणूस उभा राहतो, ‘झार्व्हेथकर’ म्हणताना जीएमचीच, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचीच, जीभ अडखळते. मग ‘ला’ आणि ‘हून’ लावून मोठ्याने म्हणा. पन्हाळ्याला, आजऱ्याहून, असं नाव सहज वाकलं पाहिजे. शिवाय एका दिवसाच्या चालीत येणारी दोन गावं एकाच अक्षराने सुरू करू नका.

नकाशावरचा सहा मैलांचा हेक्स, म्हणजे षटकोनी घर, म्हणजे साडेनऊ-दहा किलोमीटर. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण 20 किलोमीटर, म्हणजे जेमतेम दोन हेक्स, आणि तेवढ्यात आपल्याकडे किती गावं लागतात! पुस्तकात हेक्सला एक गाव, तेही प्रत्येक नव्या नावाचं. त्यापेक्षा एका नावावर चार वस्त्या बसवा. कसबा राखुंडे हे बाजाराचं आणि कचेरीचं ठिकाण, राखुंडे बुद्रुक मोठं, राखुंडे खुर्द धाकटं, आणि डोंगराकडेला राखुंडेवाडी. ऐकणाऱ्याला कुठे धान्य मिळेल आणि कुठे शिपाई भेटतील, हे न सांगता कळतं.

इथे माझं मत बदललं. सुरुवातीला दोन तारे देणार होतो, पण शेवटचं परवान्याचं पान नीट वाचल्यावर पुस्तकाची किंमत वसूल झाली. 2000 सालच्या ओजीएलमध्ये, म्हणजे अशा खेळांच्या जुन्या ‘ओपन गेम लायसन्स’मध्ये, गावांची, पात्रांची नावं प्रकाशकाला ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून राखून ठेवता येत. जानेवारी 2023 मध्ये त्या परवान्याच्या नव्या मसुद्यावरून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात एसआरडी 5.1 क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय 4.0 या, श्रेय देऊन मजकूर मोकळेपणाने वापरू देणाऱ्या परवान्याखाली आलं. या लेखकाने पुढचं पाऊल टाकून स्वतःचा सगळा मजकूर, नावांसकट, त्याच परवान्याखाली दिला आहे. म्हणजे नावं बदला, मराठीत करा, छापा, विकासुद्धा. श्रेय, परवान्याचा दुवा आणि बदल केल्याची नोंद द्यायची. एसआरडीची श्रेयओळ जशीच्या तशी ठेवायची. परवान्यात ‘एनसी’ असेल तर विक्री बंद, ‘एनडी’ असेल तर नावं बदललेली प्रत वाटता येत नाही. विकत घेण्याआधी ही दोन अक्षरी जोडी शोधाच.

आता नावं बदललेली प्रत इथल्याच डिजिटल प्रेसमधून काढून घेतली. ए5 आकार, पानं चारच्या पटीत, आत 80 जीएसएम मॅपलिथो, कव्हर 300 जीएसएम, मधोमध दोन पिना. कव्हरला आधी क्रीझिंग, म्हणजे घडीची दाबरेघ, करून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा. तसं न केल्यास ‘आजऱ्या’तला ऱ्य हमखास फुटतो. मुक्ता हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि छपाईत स्वच्छ उठतो. नकाशावर 8 पॉइंटखाली जाऊ नका, वेलांट्या आणि उकार भरून जातात.

अडलं ते नकाशापाशी. चित्रांचे हक्क चित्रकाराकडे राखीव आहेत आणि नावं चित्राचाच भाग, त्यामुळे हेक्स कागदावर नकाशा नव्याने काढावा लागला. तेवढ्यासाठी एक तारा कापला; चार देतो. पीडीएफच घ्या, आणि पैसे भरण्याआधी बिननावांच्या नकाशाची फाइल मिळते का, ते प्रकाशकाला विचारा.